पिन लागली

डार्करूमताईंचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो असं लोक म्हणतात, ते खोटं आहे. शेंड्यापर्यंत यायलाही तो थांबत नाही. तीस वर्षं त्यांनी एका स्टुडिओच्या अंधाऱ्या खोलीत फिल्म धुतल्या. स्टुडिओ बंद पडला, तेव्हा घरातच फिल्म स्कॅनर मांडून लोकांच्या जुन्या निगेटिव्ह कॉम्प्युटरवर उतरवून द्यायला लागल्या. मशीन लावायचा क्रम ठरलेला: आधी अडॅप्टर मशीनला, मग भिंतीला, मग बटण आणि सगळ्यात शेवटी केबल. तीही थेट कॉम्प्युटरच्या पाठीत.

त्या दिवशी दुपारी मास्तर यायचे होते. पलीकडच्या गल्लीतले निवृत्त शाळामास्तर. त्यांची नजर झपाट्यानं चालली होती, डॉक्टरांनी जेमतेम महिनाभर दिसेल असं सांगितलं होतं. बायकोचे सगळे फोटो गळक्या छताखाली कुजले, एक निगेटिव्ह तेवढी वाचली. दिसतंय तोवर तिला पडद्यावर मोठं करून बघायचं, एवढंच त्यांचं मागणं.

सकाळी ताई दाढ दाखवून घरी परतल्या, तर दारातच जळका वास.

"काय केलंस?" त्यांनी धाकट्या भावाला विचारलं.

"काही नाही गं ताई. म्हटलं, तू येईपर्यंत मशीन सुरू करून ठेवावं. तुझा अडॅप्टर सापडेना, म्हणून लॅपटॉपचा लावला. पिन लागली की बरोबर!"

"पिन लागली? आपली किल्ली दुसऱ्याच्या कुलपात शिरली म्हणून घर आपलं होतं का रे? त्याला बारा व्होल्ट लागतात, तू एकोणीस घातलेस! खाली लिहिलेलं असतं. शाळेत काय नुसता बाक तापवत होतास?"

भाऊ खालमानेनं म्हणाला, "पण तुझा होता कुठे?"

होता ताईंच्याच पर्समध्ये. मशीनला कुणी हात लावू नये म्हणून बाहेर जाताना त्या अडॅप्टर बरोबर घेऊन जात. अति शहाणा त्याचा बैल रिकामा! आता त्यांना स्वतःचाच असा संताप आला की पर्स त्यांनी भिंतीवर भिरकावली. दुरुस्तीवाल्यानं फोनवरच सांगितलं, बोर्ड गेला, नवा यायला दोन महिने. दोन महिन्यांनी मास्तर काय बघणार होते, कपाळ?

मास्तर आले. ताईंनी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं आणि चूक आपली म्हणून सांगितली. मास्तर निगेटिव्हचं पाकीट परत खिशात घालायला लागले. ताईंना ते बघवेना. त्यांनी स्टुडिओतलं जुनं, खालून उजळणारं दिव्याचं टेबल लावलं, निगेटिव्ह त्यावर ठेवली आणि त्यांच्या हातात भिंग दिलं.

"यात सगळं उलटं दिसतं, मास्तर. चेहरा काळा दिसेल. आवडायचं नाही तुम्हाला."

मास्तर वाकले, ते वाकलेलेच.

"काका, मोबाइलवर फोटो काढून सरळ करून देतो की," भाऊ म्हणाला. "दोन मिनिटांचं काम."

हे आपल्याला का सुचलं नाही, म्हणून ताई पुन्हा भडकल्या. त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात मास्तरांनी हात वर केला.

"नको," ते भिंगावरचा डोळा न काढता म्हणाले. "केस पांढरे झालेत तिचे. तिशीतच गेली हो ती. तिला म्हातारी झालेली मी कधी बघितलंच नव्हतं."