देवीचा डावा डोळा

काचबिंदूची तपासणी ज्यांची कधी झालेली नाही, त्यांच्यासाठी आधी ती सांगतो. अंधाऱ्या खोलीत एका मोठ्या पांढऱ्या वाडग्यासारख्या मशीनसमोर हनुवटी टेकवून बसवतात. एक डोळा पट्टीने झाकतात, हातात बटण देतात. समोरच्या ठिपक्यावरून नजर हलवायची नाही, आणि आजूबाजूला कुठेही उजेडाचा कण चमकला की बटण दाबायचं. टक् असा आवाज होतो. मी पहिल्यांदा बसलो तेव्हा मला वाटलं, मशीन मध्येच बंद पडतंय. बराच वेळ काही चमकायचंच नाही. बाहेर आल्यावर मी तिथल्या मुलीला तसं सांगितलंही. तिने कागद उचलला आणि आत डॉक्टरांकडे नेला.

बारामतीच्या त्या डॉक्टरांनी मग छापून आलेला कागद माझ्यापुढे धरला. दोन गोल, आणि त्यांच्या कडेला काळे डाग. "गेलं ते गेलं," ते म्हणाले. "उरलंय ते थेंबांनी राखायचं. जन्मभर." वडिलांना होतं का, असं त्यांनी विचारलं. वडील, आमचे आबा, शेवटची वर्षं भिंत धरून चालायचे. आम्ही त्याला मोतीबिंदू म्हणायचो आणि वय म्हणायचो.

"सख्खी भावंडं कोण?"

"एक थोरले भाऊ."

"काय करतात?"

"ट्रॅक्टर चालवतात. उसाचा."

डॉक्टर लिहायचे थांबले. "त्यांना लवकर घेऊन या. हा आजार घरात फिरतो."

मी हो म्हणालो. त्यानंतर उसाचे तीन हंगाम गेले, आणि मी दादांना एका शब्दाने बोललो नाही. का नाही, ते सांगायला बसलोय.

मी पेंटर. अंथुर्ण्याच्या अलीकडे आमचं गाव. तरुणपणी दुकानांच्या पाट्या, ट्रॉल्यांवरची नावं, शाळेच्या भिंतीवरचे नकाशे असलं सगळं रंगवलं. मग फ्लेक्स आला आणि पाट्या संपल्या. उरले देव. पावसाळ्याच्या तोंडाला बारामतीत गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करायला जातो, आणि चैत्रात जत्रेआधी आमच्या गावच्या देवीचे डोळे काढतो. पोट पहिल्यावर चालतं. पण आपण चित्रकार आहोत असं मला वाटतं ते दुसऱ्यामुळे.

आमची देवी म्हणजे तांदळा. घडवलेली मूर्ती नाही, नुसता उभा गोल दगड, शेंदराने माखलेला. जत्रेच्या आदल्या दिवशी तिच्यावर तेलात कालवलेल्या शेंदराचा नवा लेप चढतो आणि गेल्या वर्षीचे डोळे त्याखाली बुजून जातात. नवे डोळे येईपर्यंत गाभाऱ्यातली समई विझवून दाराशी आणून ठेवलेली असते. बायका म्हणतात, देवी झोपलीय. डोळे काढणाऱ्याने सकाळपासून उपाशी राहायचं. पहिला डोळा सुरू केला की दुसरा पुरा होईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. काढला तर वर्षभर देवी गावाकडे एकाच डोळ्याने बघते. आणि तो माणूस अव्यंग हवा.

माझ्या आधी हे काम एक म्हातारे सुतार करायचे. कडबाकुट्टीच्या यंत्रात त्यांचं बोट गेलं. तेही डाव्या हाताचं, ब्रश ते उजव्या हाताने धरायचे. तरी पुढच्या चैत्रात काम माझ्याकडे आलं. कुणी त्यांना वाईट बोललं नाही. त्यांनीच त्यांचे खारीच्या केसांचे ब्रश फडक्यात गुंडाळून माझ्या घरी आणून दिले. त्या दिवशी मला आनंद झाला होता. म्हाताऱ्याला चहा देताना तो मी लपवू शकलो नव्हतो.

म्हणून डॉक्टरांनी कागद दाखवला तेव्हा माझ्या मनात पहिले आले ते देवीचे डोळे. दादा नंतर आले. दादांना सांगितलं की वैनींना कळणार, वैनींना कळलं की पाणवठ्यावर कळणार. डोळ्याचा अधू माणूस देवीचे डोळे कसा काढेल?

थेंबांची बाटली मी ब्रशांच्या डब्यात ठेवायला लागलो. माहीत फक्त बायकोला. बाकीच्यांना सांगायचो, रंगाची ॲलर्जी. थेंब घातल्यावर नाकाशेजारचा कोपरा दाबून थोडा वेळ डोळे मिटून बसावं लागतं. तेवढ्यात मी देवीला म्हणायचो, तुझे मी काढतो, माझे तू सांभाळ. मग डोळे उघडून भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभा राहायचो. एक डोळा झाकायचा, मधल्या तारखेवर नजर ठेवायची आणि कडेच्या दिसतात का बघायचं. लोकांना वाटतं काळं दिसत असेल. काळं काही दिसत नाही. तिथे भिंत असते, आणि तारखा नसतात. नाहीत हे आपल्याला कळतही नाही. मला भीती वाटते ती एवढ्याचीच. अंधार आला असता तर निदान आला म्हणून समजलं असतं.

त्या प्रार्थनेत मी दादांचं नाव कधी घेतलं नाही. घेतलं असतं तर तिने विचारलं असतं, त्याला सांगितलंस का?

दादा माझ्याहून पुष्कळ मोठे. वडील गेल्यावर मला त्यांनीच वाढवलं. माझा पहिला रंगांचा डबा त्यांनी भिगवणच्या बाजारातून आणला होता, मासळीच्या पिशवीतून. कितीतरी दिवस त्या रंगांना चिलापीचा वास येत होता. हंगामात ते दोन ट्रॉल्या जोडून सोमेश्वरनगरच्या साखर कारखान्याकडे ऊस वाहतात. मागची ट्रॉली कालव्याच्या मोरीला घासली तेव्हा म्हणाले, ऊस जास्त भरला होता. वळणावर डावीकडून आलेला एक मोटारसायकलवाला शेतात पडला तेव्हा म्हणाले, हल्लीची पोरं कुठूनही घुसतात. मी दोन्ही वेळा मान हलवली.

एकदा त्यांच्याकडे जेवायला बसलो होतो. दादांनी विचारलं, "आज चटणी न्हाय व्हय?"

"ताटातच हाय की डावीकडं," वैनी म्हणाल्या. "डोळं काय ट्रॅक्टरवर ठिवून आलासा?"

सगळे हसले. मीही हसलो. दादांनी पूर्ण मान वळवून ताटाच्या त्या कडेकडे बघितलं. कोंबडी बघते तशी, एका बाजूने. मी स्वतः तसा बघायला लागल्याला तेव्हा वर्ष झालं होतं. मी वैनींना म्हणालो, आमटी फार छान झालीय.

आता तो जत्रेआधीचा दिवस. हंगाम संपत आला होता, उसाचे शेवटचे फड तुटत होते. गाभाऱ्याच्या दाराला नव्या लुगड्याचा पडदा होता आणि आत मी आणि गुरवतात्या. तेच आमच्या देवीचे पुजारी. उजवा डोळा झाला होता. पांढरा, मग काळी कड, बुबुळ, आणि शेवटी बुबुळातला पांढरा कण. त्या कणाने डोळा बघायला लागतो. मी डाव्याचा पांढरा भरायला घेतला तेवढ्यात पडदा बाजूला करून दादा आत डोकावले.

"पेंटर, निघतो रं मी. ट्रॉल्या भरल्यात. दिस मावळायच्या आत बारामती वलांडाय पायजे."

"थांबा की दादा," गुरवतात्या म्हणाले. "डोळं उघडलं की पाया पडून जावा."

"देवी थांबल, तात्या. कारखान्याचा काटा न्हाय थांबायचा."

असं म्हणून ते वळले आणि सरळ समईवर गेले. समई कमरेएवढी, पितळेची. आमच्या लहानपणापासून लेपाच्या दिवशी ती दाराच्या त्याच अंगाला असते. ती आडवी झाली, उरलंसुरलं तेल फरशीवर पसरलं.

"अवो दादा," तात्या म्हणाले, "एवढी मोठी समई दिसंना व्हय?"

"हलीवली का रं कुणी हिला?" दादा हसत होते. खाली वाकून त्यांनी ती उभी केली, धोतराला हात पुसले.

कुणी हलवली नव्हती. मी ब्रश हवेत धरून त्यांच्याकडे बघत होतो. ट्रॅक्टर नेऊ नका. तीन शब्द. ते माझ्या जिभेवर आले होते, खोटं सांगत नाही. माझ्या मागे देवी एका डोळ्याने बघत होती. पुढे थोरला भाऊ होता, आणि बाहेर ऊन उतरायला लागलं होतं. उतरत्या उन्हात कडेचं आणखीच कमी दिसतं, हे त्या गाभाऱ्यात फक्त मला माहीत होतं.

दादांनी माझं तोंड बघितलं. "काय रं, असा का बघतूस? गप ऱ्हा. बोलायचं न्हाय तुला." आणि गेले.

मी डाव्या डोळ्याकडे वळलो. घाईघाईने उरकला असता तरी मला त्यांना रस्त्यात गाठता आलं असतं. मी घाई केली नाही. उलट सावकाश केला, मनगटाखाली दुसरा हात धरून. बाहेर ट्रॅक्टर सुरू झाला. त्याच्यावरच्या स्पीकरचं गाणं देवळाला वळसा घालून कालव्याच्या रस्त्याला लागलं, बारीक होत गेलं. ते ऐकत मी कड ओढली. एकाही जागी तुटली नाही. शेवटचा पांढरा कण ठेवला तेव्हा गाणं ऐकू येत नव्हतं.

पडदा निघाला, देवीपुढे आरसा धरला, समई लागली, घंटा वाजल्या. "औंदा डोळं लई जिवंत आल्यात," बायका म्हणत होत्या. मी पाया पडायचं सोडून बाहेर आलो आणि फोन लावला. दादा चालवताना फोन घेत नाहीत. परत लावला. मग रस्त्याच्या कडेला दगडावर बसून राहिलो. येणाऱ्या प्रत्येक मोटारसायकलीकडे बघत होतो. कुणी थांबू नये, मला काही सांगू नये, एवढंच म्हणत होतो. पुढच्या तासांबद्दल मी लिहिणार नाही.

सकाळी रिकाम्या ट्रॉल्यांचा खडखडाट लांबूनच ऐकू आला. दादा उतरले, ओट्यावर बसले, वैनींना चहा मागितला. त्यांना काहीही झालेलं नव्हतं.

"दादा," मी म्हणालो, "मला काचबिंदू हाय. तीन हंगाम झालं. डाक्टर तवाच म्हणालं हुतं, तुमालाबी दाखवा."

"मग काढून टाकायचा की. आपल्या चुलत्याचा काढला न्हवं का?"

"त्यो मोतीबिंदू. ह्यो काढता येत न्हाय. आबांना ह्योच हुता."

दादांनी कप खाली ठेवला. "तीन हंगाम?"

"व्हय."

"मोरी घासली तवा तुला ठावं हुतं?"

"हुतं."

"त्यो पोरगा पडला तवा?"

मी मान हलवली. ते कालव्याच्या बाजूला बघत राहिले. "आन मी म्हणतुया, म्हातारा झालो," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "देवीच्या डोळ्यापायी गप बसलास?"

मी त्यांनी खाली ठेवलेला कप उचलून बाजूला सरकवला.

"काल तर मीच तुला म्हणालो, गप ऱ्हा," असं म्हणून ते हसले. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. वैनी दारात उभ्या होत्या. त्या पुढे आल्या, ओट्यावरची ट्रॅक्टरची चावी उचलून कमरेला खोचली आणि आत गेल्या. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. अजूनही फारसं बघत नाहीत.

गुरवतात्यांना मी अजून सांगितलेलं नाही. हे छापून आलं की कळेल. पुढच्या चैत्रात मला बोलावतील असं वाटत नाही. ब्रश धुऊन फडक्यात बांधून ठेवलेत. देवीला मी रोज जातो, पण समोर उभा राहत नाही. तो डावा डोळा मी आजवर काढलेला सगळ्यात चांगला डोळा आहे. त्याच्यापुढे उभं राहायची मला भीती वाटते.

जत्रा झाल्यावर दादांना घेऊन बारामतीला गेलो. तीच खोली, तीच मुलगी. दादांनी टोपी माझ्याकडे दिली आणि आत गेले. मी बाहेर बाकावर बसलो. पातळ दारातून आवाज ऐकू येत होता. टक्. टक् टक्. मग काही नाही. मी टोपी घट्ट धरली. टक्. मग पुन्हा बराच वेळ काही नाही. त्या गप्प वेळात आत काय चाललंय ते मला ठाऊक होतं. वाडग्याच्या कडेला उजेडाचे कण चमकत होते, एकामागून एक, आणि दादा बटणावर अंगठा ठेवून त्यांची वाट बघत बसले होते.

ते बाहेर आले, टोपी घातली, शेजारी बसले.

"सोपं हाय की," म्हणाले. "पर त्यांचं मशीन बिघडलंय रं. मधी मधी लाईटच लागत न्हाय. सांग त्या पोरीला."

मुलगी कागद घेऊन दारात उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं.

"मशीन चांगलं हाय, दादा," मी म्हणालो.