दादाच्या गाडीतला टर्बो

परवा खंडाळ्याच्या घाटात पुढच्या ट्रकच्या तापलेल्या ब्रेकचा जळका वास गाडीत शिरला आणि स्टिअरिंगवरचे माझे हात घामेजले. मी कॉलेजात असतानाची एक दुपार आठवली.

माझा थोरला भाऊ वराळ्याच्या कारखान्यात फिटर होता. त्यानं आपल्या जुन्या छोट्या गाडीच्या इंजिनाला टर्बो बसवून घेतला होता. इंजिनाची ताकद वाढली, ब्रेक मात्र जुनेच राहिले. नवा जोर दाखवायला तो मला आणि आमच्या वडलांना, आबांना, घेऊन निघाला. लोणावळ्यापर्यंत गाडी अशी पळाली की मागच्या सीटवर मी खिदळत होते.

घाटाच्या उतारावर तो वेगात वळणं घेत वारंवार ब्रेक दाबत राहिला. मग तो वास आला. दादाचा पाय पार तळाला टेकला, तरी गाडी थांबेना.

"आबा, ब्रेक लागंना," तो पुटपुटला. त्याच्या कानामागून घाम ओघळत होता.

आबांनी जन्मात बैलगाडीच हाकलेली. ते शांतपणे म्हणाले, "दरीकडं बगू नगं. डोंगराला घास."

दादानं गिअर खाली टाकला. इंजिन किंचाळलं. डावी बाजू कातळावर खरवडत गेली, काच फुटली आणि गाडी थांबली. आबांचा डावा हात नंतर कधीच खांद्याच्या वर गेला नाही.

तेव्हा भीतीनं मला फक्त दरी दिसत होती. आता स्वतः गाडी चालवताना कळतं, की डोंगराच्या बाजूला आबाच बसले होते आणि बोलण्याआधी त्यांनी ते पाहिलं होतं.