गच्चीवरचं वाचन

नाटककाराची बहीण म्हणून मी मिरवावं, असं लोकांना वाटतं. मिरवायला अंगात त्राण तर हवं. दोन वर्षांपूर्वी आईला अर्धांगवायू झाला, वाचा गेली, आणि तिचं भरवणं, कूस बदलणं, धुणं सगळं माझ्या गळ्यात पडलं.

पेपरवाले मुन्सिफदादाला विचारतात, तुमच्यावर प्रभाव कोणाचा? हा चार फ्रेंच नावं फेकतो. सगळ्या थापा. त्याची नाटकं आमच्या ट्युनिशियातल्या, सफाक्स शहरातल्या घराच्या गच्चीवर जन्मली. उन्हाळ्यात बायका भिजवलेल्या रव्याचे दाणे वळून वर्षभराचा कुसकुस करायला जमल्या, की हा बाप्या खुशाल त्यांच्यात बसून आईचा तोंडाचा पट्टा ऐकायचा. मग तिचे टोमणे, उसासे जसेच्या तसे रंगमंचावर. लिहिलेलं पहिल्यांदा त्याच बायकांना वाचून दाखवायचा. "असं कोणी बोलतं का रे?" आईने म्हटलं, की पान फाडायचा.

आई गप्प झाली आणि याचं लिहिणं अडलं. मी दोन्ही उन्हाळे दुकानातून कुसकुस आणला. यंदा म्हणाला, "थोडं लिहिलंय, मनू. पण वाचणार गच्चीवरच. रवा भिजव."

भिजवला. न भिजवून सांगते कोणाला? शेजारच्या शलबियामावशी मदतीला आल्या. आईला खुर्चीत बसवलं. आमचे हात काठवटीत, आणि दादा वाचू लागला. आजारी आईला सांभाळणाऱ्या मुलीचं नाटक होतं.

"'पाठ मोडली माझी. भाऊ येतो, आईच्या डोक्यावर ओठ टेकवतो, चहा ढोसतो, चालता होतो.'"

मावशींचे हात थांबले. "मनुबिया, ही तर तूच गं."

माझं डोकंच फिरलं. चादरी धुताना मोरीत एकटीच पुटपुटायचे मी हे. हा बाहेर चहा पीत असायचा.

"ऐकत होतास ना?" मी म्हटलं. "मग चादरीचं एक टोक धरायला काय झालं होतं?"

दादाने शेवटचं पान वर काढलं. मग म्हणाला, "शेवट सुचत नाहीये. ती घर सोडून जाते का?"

"कुठे जाईल? तिला झोप हवीय."

"त्यात नाटक काय?"

मावशींनी रव्याचा हात तसाच त्याच्या पाठीत घातला. "सगळं नाटकच वाटतं मेल्याला."

आईच्या जेवणाची वेळ झाली. मी उठू लागले, तर दादाने वाटी ओढून घेतली. धड जमेना त्याला. पेज आईच्या हनुवटीवरून ओघळली. मी सांगायला तोंड उघडलं, पण मिटलं. रव्याच्या पोत्याला पाठ टेकली.

शेवट त्याने तिथेच लिहिला म्हणे. मला माहीत नाही, मी झोपले होते.