न धुतलेला स्वेटर

ऑफिसात तिला मांजरताई म्हणत, आणि अगदी तोंडावर म्हणत. मांजर जसं पिल्लू तोंडात धरून सात घरं फिरतं, तशी ही बाई दुसऱ्यांची पोरं कडेवर घेऊन दारोदार हिंडते, म्हणून जीपच्या ड्रायव्हरने ठेवलेलं नाव. दुसरी कुणी असती तर डूख धरून बसली असती. ही नव्या माणसाला स्वतःच सांगायची, "मांजर पिल्लाला दातांत धरतं, पण दात लागू देत नाही. तेवढं जमलं की आपलं काम जमलं."

काम म्हणजे, ज्यांच्या आईबापांना काही काळ मुलं सांभाळता येत नाहीत, त्या मुलांसाठी तात्पुरतं घर शोधायचं, आणि दिवस पालटले की मूल ज्याचं त्याला परत करायचं. ऐकायला सोपं आहे. पण पोराला जीव लावतील आणि वेळ आली की सोडतीलही, अशी माणसं काही झाडाला लागत नाहीत. मांजरताई ती हुडकून काढायची. तिची एक खोड होती. घर बघायला गेली की पाण्याचा पेला तिच्या हातून हमखास सांडायचा. सगळ्यांना वाटे, बाई वेंधळी आहे. ती मात्र तेवढ्यात सगळ्यांचे चेहरे वाचून मोकळी झालेली असे.

लाँड्रीवाल्या काकूंकडे पेला सांडला तेव्हा काकू म्हणाल्या, "राहू द्या हो, फरशी पुसायचीच होती." काका इस्त्री करता करता हसले. मांजरताईने तिथल्या तिथे मनाशी पक्कं केलं.

त्या घरात तिने चार वर्षांची एक पोर आणून ठेवली. पोरीची आई बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगला होती. रस्ता ओलांडताना ट्रकने उडवलं, मांडीचं हाड मोडलं, दवाखान्यातून सुटायला काही महिने लागणार होते. नात्याचं म्हणावं असं कुणी नव्हतं. पोर आली ती आईचा तपकिरी स्वेटर छातीशी धरून. झोपताना त्याची बाही नाकाशी लागायची, की पाचव्या मिनिटाला डोळा लागे. मांजरताई उंबऱ्यावरून दोनदा सांगून गेली, "काकू, बाकी काहीही धुवा. तेवढा स्वेटर धुऊ नका."

आता काकूंचं घराणंच धुण्याचं. कॉलरवरचा डाग दिसला की त्यांचे हात शिवशिवत. तिसऱ्या दिवशी पोर अंगणात खेळत होती, स्वेटरवर दुधाचा, धुळीचा, कसला कसला थर होता. काकूंना दया आली. गरम पाणी, चांगला साबण, वर इस्त्री. संध्याकाळी त्यांनी तो घडी करून मोठ्या कौतुकाने पोरीच्या हातात दिला.

पोरीने बाही नाकाशी नेली. दुसरी बाही नेली. मग गळा हुंगला. ती रडली नाही, हेच वाईट झालं. तिने गुळणी धरली ती धरलीच. घास पुढे केला की तोंड फिरवी, झोप नाही, कुणाकडे बघणं नाही. काकूंनी हात टेकले. दोन दिवस असे गेल्यावर त्यांनी फोन केला, "ताई, घेऊन जा हो पोरीला. माझ्या हातून तिचं काहीतरी होईल."

ऑफिसातल्या साहेबांनीही तेच ठरवलं. माणूस दुष्ट नव्हता, पण त्याला आजचं काम आज मिटलेलं लागायचं. दुसऱ्या शहरातल्या बालगृहात जागा होती. तिथे गेली असती तर दवाखान्यातल्या आईला पोरगी महिनोन्‌महिने दिसली नसती, आणि चार वर्षांचं मूल तेवढ्या काळात आईचा चेहरा विसरू शकतं. मांजरताई साहेबांच्या खनपटीला बसली. "मला दोन दिवस द्या." "दोन दिवसांत काय करणार तुम्ही?" "ते मला तरी कुठं माहीत आहे? पण द्या." साहेबांनी दिले. नाही दिले तर ही खुर्ची सोडणार नाही, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होतं.

ती काकूंकडे गेली. काकूंचा चेहरा पडलेला. त्या काही बोलणार, एवढ्यात मांजरताईच म्हणाली, "चूक माझी आहे काकू. स्वेटर धुऊ नका, हे सांगायचंच राहिलं माझ्याकडून. एवढी वर्षं हे काम करते, पण डोकं ठिकाणावर नसतं." खोटं बोलायला हुशारी लागत नाही, पण कुणाच्या डोक्यावरचं ओझं उतरवून आपल्या डोक्यावर घ्यायला काळीज लागतं. काकूंनी आतून स्वेटर आणून तिच्या हातात दिला.

मग ती स्वेटर घेऊन दवाखान्यात गेली. आई पलंगावर, पाय वजनं लावून ताणून ठेवलेला.

"हा अंगात घाला. परवापर्यंत काढायचा नाही."

"अहो, पण नीट अंघोळ झालेली नाही माझी कधीची. घामाचा वास येतो अंगाला."

"तोच पाहिजे."

आईला क्षणभर कळलं नाही. मग कळलं, आणि तिने स्वेटर तोंडावर दाबून धरला. सिस्टर आल्या. दवाखान्याचेच कपडे घालायचे, नियम म्हणजे नियम. मांजरताईने त्यांना सगळी हकीकत सांगितली. "मी काही बघितलं नाही," असं म्हणत सिस्टरनी चादर पेशंटच्या गळ्यापर्यंत ओढली.

दोन दिवसांनी मांजरताई बसमधून निघाली ती प्लास्टिकच्या पिशवीला गाठीवर गाठ मारून. शेजारच्या बाईने विचारलं, "मासळी आहे का?" "त्याहून महाग आहे," मांजरताई म्हणाली.

पोरीने बाही नाकाशी नेली. दुसरी बाहीही नेली. मग म्हणाली, "आई घाण झालीये." आणि दूध मागितलं. मांजरताईचा जीव भांड्यात पडला. काकू आत जाऊन रडल्या, बाहेर येऊन दूध गरम केलं. पुढे दर पंधरवड्याला स्वेटर दवाखान्यात जाऊन येत राहिला, आणि अधूनमधून त्याच्याबरोबर पोरही.

दिवस पालटले. आई कुबडी घेऊन का होईना, चालू लागली. पोरीला न्यायला ती जीपमधून मांजरताईबरोबर आली. काकांनी फ्रॉकांचा इस्त्री केलेला गठ्ठा जीपमध्ये ठेवला. पोर तोवर काकूंच्या कमरेला चिकटून होती, आईकडे बघत होती आणि हात सोडत नव्हती. काकूंनीच तो हळूच सोडवून आईच्या हातात दिला. मग घरात जाऊन एक गाठ मारलेली पिशवी आणली. इस्त्रीच्या टेबलाशी उभ्या राहताना त्या बांधायच्या तो निळा ॲप्रन आत होता.

"आमच्या घरातून आजवर न धुतलेला कपडा बाहेर गेला नाही," काकू आईला म्हणाल्या. "हा पहिलाच. रात्री तिने मागितला तर द्या. नाही मागितला तर टाकून दिलात तरी चालेल." मग मांजरताईकडे वळून हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्ही सांगितलं होतं मला. दोनदा सांगितलं होतं."

"असेल," मांजरताई म्हणाली. "मला कुठं आठवतंय."

जीप निघाली. पोरीने पिशवी मांडीवर घेतली आणि गाठ सोडून आत नाक घातलं. मांजरताईने आईकडे पाहिलं. दुसऱ्या बाईचा वास आपल्या लेकराला हवासा वाटतो, हे बघणं कुठल्याही आईला जड जातं.

आईने कुबडी बाजूला ठेवली. पोरीचं हुंगून होईपर्यंत थांबली, मग पिशवी घेतली आणि तिचं तोंड गोळा करून घट्ट गाठ मारली.

"उघडी नको ठेवूस," ती म्हणाली. "वास उडून जाईल."