हात मांडीवर

माझ्या हातांना धीर नाही, असं सासूबाई म्हणत आणि ते खरंच होतं. कोणी हळूहळू भाजी चिरताना दिसलं की मी विळी ओढून घ्यायची. कोणी बोलताना अडखळलं की त्याचं वाक्य मीच पुरं करायची. यात काही चुकतं असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही फारसं वाटत नाही.

वर्धा जिल्हा अजून मध्य प्रदेशात होता तेव्हाची गोष्ट. गावोगावी बालवाड्या निघत होत्या. आमच्या अल्लीपुरातही निघायची होती आणि गावात सातवी पास झालेली सून मी एकटीच. मामंजी, म्हणजे माझे सासरे, तयार झाले, पण अट घालूनच. "जाय माय, पण पास होऊनच येजो. नाईतर हिंगणघाटची कोनी बाई येईन, अन् तू चुलीपाशीच राहशीन." चार वर्षांच्या लेकीला कडेवर घेऊन मी वर्ध्याजवळ प्रशिक्षणाला गेले. चूल काही पळून जात नव्हती. मला बालवाडी हवी होती.

गाणी, गोष्टी, अक्षरं शिकवतील अशी माझी समजूत. त्यात मी कोणाला हार जाणारी नव्हते. पण आम्हांला शिकवणाऱ्या मोठ्या बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं, "मूल काही करत असलं की शिक्षिकेचे हात मांडीवर. तोंड बंद. नुसतं बघायचं." तिथल्या सरावाच्या बालवाडीतलं पोरगं सदऱ्याची गुंडी भलत्याच काजात घालायचं आणि माझी बोटं मांडीवर वळवळायची. एकदा न राहवून उठले आणि लावून दिली. बाईंनी सगळ्यांदेखत मला परत बसवलं. "गुंडी तुम्हांला लावता येते, हे आम्हांला माहीत होतं," त्या म्हणाल्या. असा संताप आला! गप्प बसायला का कोणी पगार देतं?

पण चिडत चिडत का होईना, मी बघू लागले. आणि एकदा बघायचंच म्हटल्यावर त्यातही मी मागे राहिले नाही. कुठलं मूल कुठे अडतंय, ते सगळ्यांत आधी मला दिसायचं.

शेवटच्या दिवशी परीक्षा. मुलांनी पाहुण्यांना पाणी द्यायचं, आम्ही प्रत्येकीने एकेक मूल बघायचं. आमच्यापैकी कोणी उठलं किंवा बोललं की नापास. बाईंनी मला माझीच लेक दिली. "परक्याच्या मुलासमोर गप्प बसणं सोपं असतं," म्हणाल्या. पाहुण्यांत मामंजीही होते. आम्हांला न्यायला भर उन्हातून पायी आले होते.

लेक डावखुरी होती. आमच्या घरी डाव्या हाताने पाणी देणं म्हणजे घेणाऱ्याचा अपमान. तिचा डावा हात पुढे आला की सासूबाई चापट मारायच्या, मीही मारायची. उजव्याने ती हमखास सांडायची, म्हणून तिचं नावच सांडलवंडी पडलं होतं.

त्या दिवशीही तिने उजव्या हाताने तांब्या उचलला. निम्मं पाणी जमिनीवर. तिने माझ्याकडे पाहिलं. माझे हात मांडीवर. तिने फडक्याने जमीन पुसली, तांब्या डाव्या हातात घेतला आणि पेला काठोकाठ भरला. थेंबही सांडला नाही. मग त्याच हातात पेला धरून ती सरळ आजोबांकडे निघाली.

बोलले तर बालवाडी गेली. न बोलले आणि मामंजींनी चारचौघांत पेला झिडकारला, तरी गेलीच. पण पोरीचा चेहरा मला दिसत होता. घरात इतक्या ऐटीत चालताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. मी ओठ घट्ट मिटले. आता चूक झालीच तर ती मामंजींची होईल, आमची नाही.

मामंजींनी पेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "काऊन बोलून नाई राह्यली सूनबाई?"

मी नुसती बघत राहिले. लेकही हलली नाही.

मामंजींनी पेला घेतला, घटाघटा रिकामा केला, मिशा पुसल्या आणि तिच्या डाव्या हातातच परत दिला.

"अजून आन माय," ते म्हणाले. "याच हातानं आन."