शेवटच्या पानावरचं नाव

"मावशी, हे नाव खोडायला सांगा," वकीलसाहेब म्हणाले आणि फॉर्म माझ्या टेबलावर ठेवून आत गेले.

समोरच्या बाकावर कांबळेबाई बसल्या होत्या. खोडायचं नाव त्यांच्या सुनेचं होतं, मनीषाचं.

मी चौथी शिकलेली. या ऑफिसात झाडलोट करायला लागले. अक्षर बरं म्हणून साहेबांनी फॉर्म भरायला बसवलं, ती अजून उठले नाही. लीजचे फॉर्म तर तोंडपाठ आहेत. लीज म्हणजे काय ते सांगते. कांबळेबाईंचा खडकीचा फ्लॅट एका ट्रस्टच्या इमारतीत. यजमानांनी तो पैसे भरून घेतला, पण कायमचा नाही, तीस वर्षांच्या करारावर. मुदत संपायच्या आत अर्ज करून ती वाढवून घ्यायची. नाही घेतली तर घर ट्रस्टकडे परत जातं. बाईंच्या हातात अकरा दिवस होते.

अर्जात 'सध्या राहणाऱ्या व्यक्ती' असा रकाना आहे. लिहिलेली माणसं खरंच राहतात का, हे बघायला ट्रस्टचा इन्स्पेक्टर घरी येतो. बाथरूममधले ब्रशसुद्धा मोजतो. माहिती खोटी निघाली की अर्ज फेटाळतात.

"मनीषा तुमच्याकडे राहते?" मी विचारलं.

"राहायची."

"आता?"

"तिकडे मांजरी गावात असते. मुलगा वारला माझा. नंतर चार वर्षं आम्ही दोघीच होतो. मग मीच स्थळ बघून तिचं दुसरं लग्न लावून दिलं."

"मग इथे नाव कशाला?"

"रेशनकार्डावर आहे अजून."

"कार्डावर असेल. घरात नाही."

"तिचा ब्रश आहे बाथरूममध्ये. मोजू दे त्या इन्स्पेक्टरला."

"कोरडा ब्रश त्यांना ओळखता येतो, बाई."

त्यांनी फॉर्म स्वतःकडे ओढला. मग म्हणाल्या, "लग्न लावलं तेव्हा वाटलं, रविवारची येत जाईल. वर्षभर आली. मग तिच्या सासूबाईंनी विचारलं, जुन्या घरी अजून किती दिवस जायचं? बरोबर आहे त्यांचं. मीही विचारलं असतं." फॉर्मवर हात ठेवून म्हणाल्या, "पण नाव खोडणार नाही. मी तिला घराबाहेर काढल्यासारखं होईल."

"घरच गेलं तर ती आली तरी कुठे येणार?"

त्यांनी माझ्याकडे रागाने बघितलं. पेन मागितलं आणि नावावर एक रेघ मारली. बारीक, खालचं वाचता येईल अशी. खाडाखोड चालत नाही, म्हणून मी तो फॉर्म फाडला आणि नवा घेतला.

नवा भरताना शेवटचं पान आलं. तिथे नॉमिनीचा रकाना असतो. आपल्यामागे ट्रस्टने लीजसाठी कोणाला बोलवायचं, त्याचं नाव. त्या माणसाला घरात राहावं लागत नाही. नात्यातलाच हवा असंही नाही. फक्त त्याने ऑफिसात येऊन सही करायची.

"इथे लिहू का तिला?"

"लिहा," त्या पटकन म्हणाल्या. मग, "पण फोन तुम्ही करा. माझा नंबर दिसला की तिच्या घरी तोंडं वाकडी होतात."

मी केला. "वकिलांच्या ऑफिसातून बोलतेय. एका कागदावर तुमची सही लागेल." ऑफिसच्या फोनला कोणाची सासू आड येत नाही, हे मला एवढ्या वर्षांत कळलंय.

गुरुवारी सकाळी मनीषा आली. कांबळेबाई तासभर आधीच येऊन बसल्या होत्या. मनीषा बसलीसुद्धा नाही. पर्समधून एक किल्ली काढून तिने टेबलावर ठेवली.

"ही राहिली होती माझ्याकडे. नाव काढायची सही कुठे करायची, आई?"

कांबळेबाईंनी शेवटचं पान तिच्यापुढे सरकवलं. तिने ते दोनदा वाचलं.

"मला घर नको, आई. घरी काय सांगू?"

"आत्ता कोण देतंय? मी मेल्यावरचं आहे ते. तोवर काही सांगू नकोस."

मनीषाने सही केली. किल्ली टेबलावरच होती. कांबळेबाईंनी ती उचलून तिच्या पर्समध्ये टाकली आणि चेन लावली. दोघी एकाच रिक्षाने गेल्या. रिक्षा कुठे गेली ते मी विचारलं नाही.

अर्ज मुदतीत गेला. इन्स्पेक्टर येऊन गेला. ब्रश एकच होता. मुदत वाढली, आणखी तीस वर्षं.

कागद घ्यायला आल्यावर कांबळेबाईंनी विचारलं, "आता सही परत कधी लागेल?"

"तीस वर्षांनी."

"मध्ये काहीच नाही?"

"काही नाही."

त्यांनी कागद पिशवीत घातले, पण जागच्या उठेनात.

तेव्हापासून मी दर तीन महिन्यांनी मांजरीला फोन करते. "वकिलांच्या ऑफिसातून बोलतेय. नॉमिनीचा कागद बघून जा." बघण्यासारखं त्यात काही नाही. मनीषा येते, कांबळेबाई आधीच येऊन बसलेल्या असतात. कोणता कागद, हे मनीषाने एकदाही विचारलेलं नाही. साहेबांनी विचारलं होतं. मी म्हटलं, लीजचं काम आहे, चालू आहे.

तुमचं घर लीजवर असेल तर फॉर्म शेवटच्या पानापासून वाचा. आमचे साहेब अजून पहिल्यापासून वाचतात.