जोखमीचं पान

कॉलेजच्या वर्गात पहिल्यांदा गेले तेव्हा बाकावरची मुलं उभी राहिली. त्यांना वाटलं, मीच शिकवायला आलेय. मी शेवटच्या बाकाकडे जाऊन बसले तशी ती खजील होऊन बसली आणि एका मुलीने हळूच विचारलं, "काकी, चुकून आलात काय?" मी म्हटलं, फी भरून आलेय. मग खऱ्या मॅडम आल्या. वयाने माझ्या धाकट्या बहिणीहूनही लहान, घाटावरून नव्याने इकडे नोकरीला लागलेल्या, आणि इथल्या उकाड्याने आधीच हैराण झालेल्या.

विषय होता 'व्यवसायाची मूलतत्त्वे'. पहिल्या वर्षाचा. त्या वर्षी कॉलेजने तो बाहेरच्या लोकांनाही खुला केला होता. शनिवारी सकाळचे तास, शेवटी एक प्रकल्प आणि मग प्रमाणपत्र. मला प्रमाणपत्राचं काही कौतुक नव्हतं. मला हवी होती एक फाईल. व्यवस्थित लिहिलेली, कॉलेजचा शिक्का असलेली फाईल, जी मी घरी नेऊन माझ्या मोठ्या दिरांपुढे ठेवू शकेन.

आमचं घर कुणकेश्वराकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आहे. पहाटेपासून गाड्या जातात. देवदर्शनाला आलेली माणसं, किनाऱ्यावर उतरलेली माणसं, सगळी सकाळी उपाशी फिरत असतात. घरापुढचं आमचं खळं चांगलं मोठं, पण त्यात भात झोडून झालं की वर्षभर नुसत्या कोंबड्या फिरतात. तिथे सकाळची न्याहारी द्यायची, घावणे, आंबोळ्या, काळ्या वाटाण्याची उसळ, सणासुदीला नारळाच्या गोड रसातले शिरवाळे, असं माझ्या मनात बरीच वर्षं होतं. लग्न होऊन या घरात आल्यापासून मी भात लावलं, काजू सोलले, आंब्याच्या पेट्या भरल्या. या सगळ्याला आमच्या घरात 'हातभार' म्हणतात. भार कुणाचा ते कुणी विचारत नाही. मला एकदा तरी, मेल्यावर कुणी 'हे हिचं होतं' म्हणेल असं काहीतरी हवं होतं. सरळ सांगायचं तर हाच माझा हट्ट होता.

पण घर सामाईक आणि खळंही सामाईक. माझा नवरा गोव्यात कारखान्यात. शनिवारी संध्याकाळी येतो आणि रविवारभर झोपतो. घरात शब्द चालतो तो भावोजींचा. आणि भावोजी माझ्याशी बोलत नाहीत. यात भांडण काही नाही. आमच्याकडच्या जुन्या वळणाने मोठा दीर धाकट्या भावजयीशी थेट बोलत नाही, एवढंच. मी समोर भाजी निवडत बसलेली असले तरी ते माझ्या मोठ्या जावेला सांगतात, "तिका सांग, गाय सुटली." मग वैनी मला सांगते, गाय सुटली. तोवर मी गायीच्या मागे धावतही असते.

न्याहारीचं मी आधी एकदा वैनीमार्फत विचारून पाहिलं होतं. उत्तर आलं, "तिका सांग, बघूया." आमच्याकडे 'नाही' म्हणणं उद्धटपणाचं मानतात. 'बघूया' म्हणतात आणि मग कधीच बघत नाहीत. म्हणून ही कॉलेजची उठाठेव.

मॅडम चांगल्या होत्या. पहिल्याच तासाला त्यांनी मला विचारलं, "तुमचा ग्राहक कोण?" मी म्हटलं, "येईल तो." त्या म्हणाल्या, असं चालत नाही, नीट सांगा. मग त्यांनी स्पर्धक कोण ते विचारलं. मी सांगितलं की देवळाजवळ एक बाई पोहे आणि चहा विकते, पण ती माझी चुलत नणंद लागते, ती स्पर्धक कशी होईल? वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत, त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'नणंद: स्पर्धक की सहकारी?' आणि त्यावर तासभर चर्चा झाली. पोरांनी माझ्या नणंदेला पोहे सोडून सरबताकडे वळवण्याचा ठरावही करून टाकला. तिला अजून पत्ता नाही.

हळूहळू फाईल भरत गेली. आणि शेवटचा भाग आला तो जोखमीचा. मॅडम म्हणाल्या, जो धंदा करणारा काय काय बिघडू शकतं ते आधी लिहून ठेवतो, तो संकट आल्यावर गडबडत नाही. "घाबरायचं नाही, सगळं लिहायचं." आता हे मला सांगायची गरज नव्हती. काळजी करण्यात माझा हात धरणारं तालुक्यात कुणी नाही. मी लिहीत सुटले. गॅस ऐन वेळी संपला तर. वीज गेली तर. पावसाने रस्ता खचला तर. भावकीत कुणी गेलं आणि सुतक पडलं तर, कारण आमची भावकी अशी पसरलेली की वर्षातून कितीदा चूल बंद ठेवावी लागेल सांगता येत नाही. मोठ्या जावेचे गुडघे धरले तर. दोघी जावांत भांडण झालं तर. मॅडमनी ते पान वर्गात वाचून दाखवलं. सुतक ही जोखीम त्यांच्या पुस्तकात नव्हती. त्यांनी पेन्सिलने पुस्तकात लिहून घेतली. मला इतका अभिमान वाटला की एसटीत घरी येताना मी फाईल मांडीवर धरून बसले, पिशवीत घातली नाही.

रविवारी दुपारचा चहा झाल्यावर पडवीत बसून मी ती वाचली. भावोजी बाकावर, वैनी खाली पाटावर, नवरा खांबाला टेकून. मी वैनीकडे बघत वाचत होते आणि भावोजी अंगणाकडे बघत ऐकत होते. सुरुवातीला त्यांचा चेहरा 'बघूया'चाच होता. मग मध्येच म्हणाले, "तिका इचार, लोकांका हात धुवक पाणी खंय देतली?" मी वैनीला सांगितलं, विहिरीजवळच्या माडापाशी. ते उठले, खळ्यात उतरले आणि हाताने दाखवत म्हणाले, "टेबलां हय नको म्हणान सांग. हय सकाळचा ऊन येता. थंय मांडूची." ज्या माणसाने टेबलांची जागा बदलली, त्याने टेबलं मान्य केली की नाही?

आणि मी पान उलटलं. जोखीम. शाळेतल्या मुलीसारखी मोठ्या आवाजात वाचत गेले. गॅस, वीज, पाऊस. सुतकाशी आले तेव्हा वैनीने माझ्या पदराला ओढलं. मी थांबले नाही. दोघी जावांत भांडण झालं तर, एवढं वाचलं आणि भावोजी खळ्यातूनच म्हणाले, "पुरे."

"तिका सांग," ते म्हणाले, "शुभ काम मांडूच्या आधी कोण मोडण्याच्या गजाली करता? घरात बसान घरातल्या माणसाच्या मरणाचा वाचतत?" आणि ते पाय धुवून गोठ्याकडे निघून गेले.

खरं तर हे मला कळायला हवं होतं. लहानपणापासून ऐकत आलेली गोष्ट आहे ही. आंब्याचा मोहोर बघून कुणी म्हटलं की करपा पडला तर, की घरातलं मोठं माणूस त्याला तिथेच गप्प करतं. लग्न ठरताना, घर बांधताना, बी पेरताना तोंडातून वाकडं काढायचं नाही. वास्तू ऐकत असते. आणि मी त्याच वास्तूत बसून सगळी वाकडी एका सुरात वाचून काढली होती, वर कॉलेजचा शिक्का मारून.

वैनी माझ्यावर वेगळीच रागावली होती. "माझ्या गुडघ्यांचा कित्याक लिवलंस गो? आता सगळ्या कॉलेजाक कळला. आणि आपला भांडाण म्हणे! आपण खंय भांडलव?" या मुद्द्यावर आम्ही दोन दिवस बोललो नाही.

मला फार राग आला. भावोजींचा, खांबाला टेकून बसला आणि खांबाइतकंच बोलला त्या नवऱ्याचा, आणि मॅडमचाही. मॅडमना सांगितलं तर त्या बिचाऱ्या गोऱ्यामोऱ्या झाल्या. म्हणाल्या, ते पान काढून टाका आणि पुन्हा वाचा. पण ते पान माझं सगळ्यांत चांगलं पान होतं. शिवाय ज्यांनी ते एकदा ऐकलंय त्यांच्यापुढे ते नसल्यासारखं कसं करणार? फाईल मी तांदळाच्या कणगीवर टाकून दिली. कॉलेजात प्रकल्पाला चांगले गुण मिळाले. घरी ते सांगितलंसुद्धा नाही.

त्यानंतर थंडी पडू लागली तेव्हा वाडीतल्या एका घरोब्याच्या माणसाने नवी होडी केली. ती पाण्यात घालायच्या दिवशी आम्ही सगळे किनाऱ्यावर गेलो. गाऱ्हाणं घालायला भावोजींना बोलावलं होतं. देवाला सगळ्यांच्या वतीने मोठ्याने साकडं घालायचं आणि प्रत्येक वाक्यावर जमलेल्यांनी होकार भरायचा, हे काम आमच्या वाडीत त्यांचंच. घरात मोजकं बोलणारा हा माणूस देवापुढे उभा राहिला की पाण्यासारखा वाहतो. होडीच्या नाळेपाशी, पुढच्या टोकाला, नारळ ठेवला, टोपी सारखी केली आणि सुरुवात झाली.

"बा देवा म्हाराजा, आज ह्या तुझ्या लेकरान नवी होडी दर्यात घातलेली आसा, तेका यश दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"वाटेत वारो-वादळ इला, तर ता दूर कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"मशिन बंद पडला, खडप आडवा इला, तर होडी किनाऱ्याक लाव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"होडयेवरच्या पोरांत एकमेकांत वाकडा इला, तर त्येंका एक कर रे म्हाराजा!"

मी 'व्हय' म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. आयुष्यभर मी गाऱ्हाणी ऐकली होती. पण आता कॉलेज करून आले होते ना! वादळ, यंत्र, खडक, भागीदारांतली भांडणं. एकही कलम सुटलं नव्हतं. आणि होडीचा मालक, त्याची आई, त्याची बायको, सगळी शांतपणे हात जोडून उभी होती. कुणाला अभद्र वाटत नव्हतं. उलट प्रत्येक वाक्याला त्यांचे चेहरे मोकळे होत होते.

घरी परतताना भावोजी पुढे चालत होते आणि आम्ही दोघी जावा मागे. मी आवाज जरा चढवला. त्यांचीच रीत वापरली.

"वैनी," मी म्हटलं, "माझा ता जोखमीचा पान होता मा, ता देवाक सांगूचा होता. मी चुकान भावोजींका सांगलंय."

वैनीने माझ्याकडे पाहिलं आणि तोंडाला पदर लावला. भावोजींनी वळून बघितलं नाही. पण त्यांची चाल मंदावली ती घरापर्यंत मंदच राहिली.

पुढे बरेच दिवस काही नाही. मी आशा सोडली होती असं म्हणणार नाही, पण रोज तिच्याकडे बघायचं टाळत होते. मग एका संध्याकाळी मी दिवा लावत असताना पडवीतून आवाज आला, "तिका सांग, ता पान घेवन ये."

मी कणगीवरून फाईल आणली, झटकली, आणि वैनीकडे बघत पुन्हा सगळं वाचलं. ते डोळे मिटून ऐकत होते. ओठ हलत होते. एकदा त्यांनी सुतकाचं परत वाचायला लावलं. शेवटी म्हणाले, "ठीक आसा," आणि जेवायला उठले. त्या रात्री मी वैनीला घट्ट मिठी मारली. तिला गुडघ्यांमुळे नीट उभंही राहता येत नव्हतं.

सोमवारचा दिवस धरला. नवऱ्याने रजा काढली. खळं सारवलं, भावोजींनी दाखवलेल्या जागी टेबलं मांडली. चुलत नणंद पोह्यांची गाडी बंद ठेवून आली. मॅडम पहिल्या एसटीने आल्या आणि कुठे उभं राहायचं ते न कळून केळीखाली उभ्या राहिल्या. तुळशीपुढे विडा आणि नारळ ठेवून भावोजींनी हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, आज ह्या घरच्या धाकट्या सुनेन खळ्यात न्ह्यारीचो धंदो मांडलेलो आसा, तेका यश दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"गॅस संपलो, वीज गेली, इलेले पाव्हणे ताटकळले, तर त्येंका धीर दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"भावकीत सोयर-सुतक पडला, तर ता निभावन ने रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"मोठ्या सुनेचे गुडघे धरले, तर ते मोकळे कर रे म्हाराजा!"

यावर सगळ्यांत मोठा 'व्हय' वैनीचा होता.

"दोघी जावांत काय वाकडा इला, तर ता रांधपाघरातच रवांदे रे म्हाराजा!"

जावांचं भांडण स्वयंपाकघरातच राहू दे म्हटल्यावर माणसं हसत हसत 'व्हय म्हाराजा' म्हणाली. माझं पान इथे संपलं होतं. मी नारळ फोडायला कोयता पुढे केला. पण भावोजींचे हात जोडलेलेच होते. ते थोडे थांबले. मग पहिल्यापेक्षा जरा हळू आवाजात म्हणाले,

"आणि म्हाराजा, उद्या मीच तिच्या वाटेत आडवो इलंय, तर माका बाजूक कर रे म्हाराजा!"

कुणीच होकार भरला नाही. नवरा जमिनीकडे बघत होता, वैनी माझ्याकडे. घरच्या मोठ्या माणसाबद्दल असल्या वाक्याला 'होय' कसं म्हणायचं, ते कुणाला कळेना. पण जमलेल्यांनी होकार दिल्याशिवाय गाऱ्हाणं पुरं होत नाही. भावोजी डोळे मिटून, मान खाली घालून वाट बघत उभे होते.

मी कोयता खाली ठेवला. हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं,

"व्हय म्हाराजा!"